निवडलेली आणि राहिलेली गाणी

१९८८ सालची गोष्ट आहे. मी पारशिवनीच्या एका शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. संगीताची आवड असल्यामुळे पहिल्या काही पगारांतून पैसे साठवून मी एक टेप-रेकॉर्डर विकत घेतला आणि त्याबरोबर निवडक नाट्यगीतांची एक ध्वनिफीतही आणली. एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला सहा, अशी एकूण बारा पदे तीत होती. मधल्या सुटीत मी ती वर्गात लावीत असे. वर्षभरात मुलांना बाराही पदे तोंडपाठ झाली; इतकेच नव्हे, तर त्यांचा क्रमही अंगवळणी पडला. कोणी एखादे पद गुणगुणू लागला, की ते संपताच दुसरा कोणी तरी ध्वनिफितीतील पुढचे पद आपोआप उचलीत असे. ती दोन पदे वेगवेगळ्या नाटकांतील आणि वेगवेगळ्या काळांतील आहेत, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसे.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मुलांनी हीच पदे सादर केली. कार्यक्रम रंगला आणि टाळ्याही पुष्कळ मिळाल्या. कार्यक्रम आटोपल्यावर गावातील एक वृद्ध गृहस्थ माझ्याजवळ आले. सारे गाव त्यांना बापूजी म्हणत असे. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेले होते. तरुणपणी ते थोडे अंतर बैलगाडीने आणि पुढे आगगाडीने, असे नागपूरला नाटके पाहावयास जात. ते म्हणाले, "गुरुजी, पोरं छान गायली. गाणे तं सारे ओळखीचेच होते. पण नाटक कुठी गेलं?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगावयाचे तर, एम. ए. ला मराठी नाटकाचा अभ्यास करूनही तो प्रश्न मला कधी पडला नव्हता. पुढे मी त्याच्यावर पुष्कळ विचार केला. त्यातून जे हाती लागले, ते तुम्हांला सांगतो.

मुलांनो, संगीत नाटक म्हणजे काय, याची आज तुम्हांला फारशी कल्पना नसेल. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली 'शाकुंतल' आणि १८८२ साली 'सौभद्र' ही नाटके रंगभूमीवर आणली आणि महाराष्ट्राला संगीत नाटकाचे अक्षरशः वेड लागले. एकट्या 'सौभद्रा'त शंभराहून अधिक पदे आहेत. पात्रे बोलता बोलता गाऊ लागत. राग आला की पद, विरह झाला की पद, थट्टा करावयाची असली तरी पद! प्रेक्षकांना एखादे पद आवडले, की ते 'वन्स मोअर'चा पुकारा करीत आणि गायकाला तेच पद पुन्हा म्हणावे लागे. गायक रंगात आला, की दहा-पंधरा मिनिटे एकाच पदावर सहज निघून जात. रात्री सुरू झालेले नाटक संपेपर्यंत पहाट होई. बैलगाडीने आलेल्या मंडळींची त्याबद्दल काही तक्रार नसे. रात्री परतण्याची सोय नसतेच, मग नाटक लांबले तर बरेच!

आता हे सारे गाणे तबकडीत कसे मावावे?

जुनी तबकडी दहा इंच व्यासाची असे आणि ती मिनिटाला ७८ फेरे घेई. तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे बसत असे. त्याहून फारसे अधिक नाही. भारतात अशी ध्वनिमुद्रणे कलकत्त्यास १९०२ साली सुरू झाली. आरंभी विजेचा ध्वनिग्राहक नव्हता. गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे आणि साथीदारांना त्याच्याभोवती दाटीवाटीने बसावे लागे. घड्याळ समोर असे. तीन मिनिटे झाली, की गाणे संपलेच पाहिजे. रंगभूमीवर पंधरा मिनिटे फुलणारे पद येथे तीन मिनिटांत आटोपावे लागे. आलाप गेले, पुनरुक्ती गेली, प्रेक्षकांशी होणारी नजरानजर तर गेलीच गेली. जे उरले, ते मात्र अविनाशी झाले. निदान तबकडी हातातून पडून फुटेपर्यंत तरी!

(जाता जाता एक गंमत सांगतो. या जुन्या तबकड्यांत लाख वापरीत असत. फाल्गुनात आपल्या पेंचच्या जंगलात केशरी फुलांनी पेटलेला पळस तुम्ही पाहिलाच असेल. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या डहाळ्यांवर लाखेचे किडे वाढतात. म्हणजे नाट्यसंगीत टिकविण्याच्या कामी एका किड्यानेही हातभार लावला आहे!)

तबकडी ही एक चाळणी होती. पहिल्याच फेरीत तिने पुष्कळ गाळले. भाऊराव कोल्हटकर हे किर्लोस्कर मंडळीतील अत्यंत लोकप्रिय गायक नट. त्यांच्या गाण्याने लोक वेडे होत, असे त्या काळच्या मंडळींनी लिहून ठेवले आहे. परंतु १९०१ साली ते वारले आणि ध्वनिमुद्रण आपल्याकडे आले ते १९०२ साली. एका वर्षाचा फरक! त्यामुळे भाऊरावांचा एक स्वरही आज कोणास ऐकता येत नाही. पुढे ज्यांचे आवाज मुद्रित झाले, त्यांचीही सगळी पदे मुद्रित झाली नाहीत. जे खपेल असे वाटले, तेवढेच कंपन्यांनी मुद्रित केले. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. दुकानदार जे विकले जाते तेच दुकानात ठेवतो.

मग दुसरी चाळणी आली. १९४८ साली अमेरिकेत दीर्घवादी तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक काळ गाणे बसे. काही वर्षांत ती आपल्याकडेही आली. तेव्हा जुन्या, तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांतील पदे वेचून एकत्र करणे शक्य झाले. १९६३ साली युरोपात ध्वनिफितीची डबी निघाली आणि आणखी काही वर्षांनी ती खेड्यापाड्यांत पोहोचली. तीत भरण्यासाठी पुन्हा निवड झाली. म्हणजे, नाटकातील शंभर पदांपैकी दहा-वीस मुद्रित झाली. त्यांपैकी दोन-तीन दीर्घवादी तबकडीवर गेली. आणि त्यांतील एखादे माझ्या ध्वनिफितीत येऊन पारशिवनीच्या वर्गात वाजू लागले. चाळणीखाली चाळणी, तिच्याखाली आणखी चाळणी! तळाशी जे पडले, त्यालाच आमची मुले नाट्यसंगीत समजत होती.

बापूजींच्या प्रश्नाकडे वळतो. त्यांच्या मनात विशेषकरून एक नाटक होते: राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला'.

गडकऱ्यांचा आणि आपल्या परिसराचा फार जवळचा संबंध आहे. पारशिवनीच्या पश्चिमेस असलेले सावनेर तुम्हांला ठाऊकच आहे. तेथेच २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी वारले. त्या वेळी त्यांच्या वयाला चौतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. दुसऱ्याच महिन्यात, २० फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग बडोद्यास केला. आपले हे नाटक गडकऱ्यांना रंगभूमीवर पाहावयास मिळाले नाही. त्यातील सिंधूची भूमिका नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी केली. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत, हे तुम्ही ऐकले असेल. भरजरी शालू नेसून रंगभूमीवर येणारे बालगंधर्व या नाटकात मात्र फाटक्या लुगड्यात आले आणि त्या लुगड्यातही प्रेक्षकांची मने त्यांनी जिंकली.

नाटक फार करुण आहे. सुधाकर हा बुद्धिमान वकील. भर न्यायालयात त्याचा अपमान होतो. तो अपमान त्याला सोसवत नाही आणि तो विसरण्यासाठी तो दारूचा एक प्याला घेतो. 'एकच', असे म्हणून घेतलेला प्याला एकावर थांबत नाही. हळूहळू प्रतिष्ठा जाते, पैसा जातो, घर जाते. त्याची पत्नी सिंधू ही श्रीमंत माहेरची मुलगी. परंतु ती पतीला सोडून जात नाही. दुसऱ्यांचे दळण दळून ती तान्ह्या बाळाला जगविते. नाटकाच्या अखेरीस ते बाळ, सिंधू आणि सुधाकर असे तिघेही मृत्यू पावतात.

आता विचार करा. सिंधूचे एक करुण पद माझ्या ध्वनिफितीत होते. त्याच्या आधी एक थट्टेचे पद होते आणि त्याच्यानंतर लगेच एक प्रेमाचे. मधली शांतता दोन सेकंदांची! मुले त्या पदावर बोटांनी ताल धरीत आणि चाल गोड आहे म्हणून माना डोलवीत. हे गाणारी बाई उपाशी आहे, हे त्यांना कळण्याचा काही मार्गच नव्हता. स्वर होता, परंतु जाते नव्हते, बाळ नव्हते, दारात उभा असलेला झिंगलेला नवरा नव्हता. "नाटक कुठी गेलं?" या प्रश्नाचा हा अर्थ होता.

आणखीही एक जण त्या ध्वनिफितीतून निसटला होता. वेष्टनावर गायकाचे नाव मोठ्या अक्षरांत होते आणि नाटकाचे नाव लहान अक्षरांत. नाटक गडकऱ्यांचे, म्हणून पदेही त्यांचीच, असे मुले समजत. परंतु 'एकच प्याला'तील पदे रचली ती गडकऱ्यांचे मित्र, कथालेखक विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी. ज्या ओळी तीन पिढ्यांनी गुणगुणल्या, त्या लिहिणाऱ्याचे नाव मात्र फार थोड्यांच्या ओठांवर राहिले. नाटकाचे पुस्तक उघडावे, तेव्हा गुर्जर भेटतात. केवळ निवडक पदे ऐकणाऱ्याला ते भेटत नाहीत.

असे आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडमधील लिव्हरपूल या शहरात चार तरुणांचा 'बीटल्स' नावाचा एक संच होता. गिटार आणि ढोल यांच्या जोरकस साथीवर गायिल्या जाणाऱ्या, 'रॉक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा हा जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध संच होय. १९७० साली तो मोडला. १९७३ साली त्याच्या निवडक गीतांचे दोन संग्रह निघाले. एकाचे वेष्टन तांबडे आणि दुसऱ्याचे निळे. ज्या मुलांनी तो संच गाताना कधी पाहिला नव्हता, त्यांना बीटल्स भेटले ते या संग्रहांतून. १९६२ ते १९६६ या काळासाठी काढलेल्या तांबड्या संग्रहात २६ गीते होती आणि ती सव्वीसही लेनन व मॅकार्टनी या दोघांनी रचलेली होती. त्याच संचातील जॉर्ज हॅरिसन यांनीही त्या काळात गीते रचली होती. हे तेच हॅरिसन, जे आपल्या पंडित रविशंकरांकडे सतार शिकले. परंतु त्यांचे एकही गीत तांबड्या संग्रहात आले नाही. तो संग्रह ऐकत मोठ्या झालेल्या श्रोत्याला वाटावे, की त्या वर्षांत हॅरिसन केवळ साथीला उभे होते! २०२३ साली तो संग्रह पुन्हा काढताना त्यात बारा गीतांची भर घातली, तेव्हा कुठे हॅरिसन यांच्या दोन रचनांना जागा मिळाली. मध्ये पन्नास वर्षे गेली होती आणि हॅरिसन २००१ सालीच वारले होते.

अमेरिकेतील 'ईगल्स' या संचाची कथा तर याहून विलक्षण आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्यांच्या निवडक दहा गीतांचा संग्रह निघाला. तो इतका खपला, की २०१८ साली एकट्या अमेरिकेतील त्याचा खप ३ कोटी ८० लाख गणला गेला. आता या संचाचे सर्वांत गाजलेले गीत कोणते, असे जाणकारांस विचारा. बहुतेक जण 'हॉटेल कॅलिफोर्निया' हेच नाव सांगतील. ते या संग्रहात नाही. कसे असेल? ते प्रसिद्ध झाले तेच मुळी डिसेंबर १९७६ मध्ये! 'सर्वोत्तम' म्हणून शिक्का मारला, तेव्हा त्या गायकांची सर्वोत्तम कामगिरी व्हावयाचीच होती.

हे सारे वाचून निवडक संग्रह म्हणजे काही वाईट गोष्ट आहे, असे मात्र समजू नका. तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. ती ध्वनिफीत नसती, तर पारशिवनीच्या मुलांना बाराऐवजी शून्य पदे आली असती. १९१९ सालची रंगभूमी आणि १९८८ सालचा वर्ग यांच्यामध्ये तेवढा एकच पूल होता. निवड करणारा माणूस पुष्कळदा प्रेमानेच निवडतो. परशुरामपंत गोडबोले यांनी १८५४ साली जुन्या मराठी कवींच्या रचनांतून वेचे काढून 'नवनीत' हा ग्रंथ सिद्ध केला. नवनीत म्हणजे लोणी. शाळेत जाणाऱ्या कित्येक पिढ्यांना मुक्तेश्वर, वामन पंडित आणि मोरोपंत यांची ओळख त्याच ग्रंथाने करून दिली. हस्तलिखित पोथ्यांच्या बासनांत दडलेले काव्य त्यामुळे मुलांच्या हाती आले. लोणी काढले म्हणून कोणी गोडबोल्यांना नावे ठेवणार नाही. मात्र लोणी खाणाऱ्याने दूध कसे असते हे मला ठाऊक आहे, असे म्हणू नये.

आणि तुमच्या हातातील हे पाठ्यपुस्तक तरी दुसरे काय आहे? एका लेखकाचा एक धडा, एका कवीची एक कविता. गडकऱ्यांचेच पाहा. ते नाटककार होते, 'गोविंदाग्रज' या नावाने कविता लिहीत होते आणि 'बाळकराम' या नावाने विनोदी लेख लिहीत होते. पाठ्यपुस्तकात त्यांची एखादी गंभीर कविता आली, तर एका पिढीचे गडकरी गंभीर होतात. विनोदी उतारा आला, तर दुसऱ्या पिढीचे गडकरी हसरे होतात. मी स्वतः वर्गात शिकविताना कितीदा तरी, "या कवीचा स्वभाव असा होता," असे एका कवितेवरून बेधडक सांगून टाकले आहे! आज ते आठवले, की संकोच वाटतो.

बापूजींनी प्रश्न विचारल्यानंतर पुढल्या वर्षी आम्ही बेत बदलला. बारा पदे न घेता 'एकच प्याला'तील एकच प्रवेश बसविला आणि त्यात सिंधूचे ते एकच पद ठेवले. गावातूनच एक जुने जाते मागून आणले. आठवीतील एका मुलीने सिंधूचे काम केले. नाटकाची कथा तालमीपूर्वी मी मुलांना सांगितली होती. प्रयोगाच्या दिवशी पद सुरू झाले, तेव्हा वर्षभर त्यावर ताल धरणाऱ्या मुलांपैकी कोणीही ताल धरला नाही. पद संपल्यावरही थोडा वेळ टाळ्या पडल्या नाहीत.

बापूजी पुढच्या रांगेत बसले होते. प्रयोगानंतर ते मला म्हणाले, "आता कसं नाटक दिसलं, गुरुजी." मग बाकावर बसल्या बसल्या ते एक पद गुणगुणू लागले. ते माझ्या ध्वनिफितीत नव्हते आणि मी ते पूर्वी कधी ऐकलेही नव्हते. आवाज थकलेला होता, परंतु स्वर जागच्या जागी लागत होता. दोन ओळींनंतर त्यांना शब्द आठवेनात. तेव्हा नुसती चालच त्यांनी शेवटपर्यंत म्हटली आणि मध्ये एके ठिकाणी थांबून सांगितले, की येथे लोक हमखास 'वन्स मोअर' घेत. मी घाईघाईने त्या दोन ओळी वहीत उतरवून घेतल्या.

पुढच्या पावसाळ्यात बापूजी वारले. काही वर्षांनी नागपूरच्या एका ग्रंथालयात जुन्या नाटकांची पुस्तके चाळताना मला ते पद छापलेले सापडले. वहीतील दोन ओळी आणि पुस्तकातील दोन ओळी तंतोतंत जुळल्या. पुढचे शब्दही मिळाले. चाल मात्र मी पुष्कळ शोधली, तरी मला कोठल्याही तबकडीत वा ध्वनिफितीत मिळाली नाही. ज्या संध्याकाळी बापूजी ती गुणगुणले, त्या संध्याकाळी माझा टेप-रेकॉर्डर शाळेच्या कपाटात, कुलपात होता. कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती.